शिवप्पाची गरम भाकरी

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. माजलगावच्या बसस्टँडसमोर पिवळ्या पाटीचा एस.टी.डी. बूथ निघाला, गल्लीत रुद्राणीवहिनींच्या गच्चीवरून केबलची तार आली, आणि आमच्या कापड दुकानात एका गिऱ्हाइकाने धोतरजोड्यांच्या ढिगाकडे बघत "जीन्स हाय का?" असं विचारून आमच्या ह्यांना दोन दिवस अबोल करून सोडलं, तेच ते साल. त्या वर्षी दिवाळी पाडव्याला मी एक मागणी केली आणि पुढचं सगळं रामायण त्या मागणीतून झालं.

ह्यांना ओवाळून झालं होतं. दिवाळीचा धंदा बरा झाला होता, त्यामुळे वैजिनाथअप्पा पाटावर खुशीत बसले होते.

"बोल शिवम्मा, काय पाहिजे? साडी काढू का नवी?"

कापडवाल्याच्या बायकोला साडी देणं म्हणजे हलवायाने घरच्यांना पेढा देण्यासारखं आहे. मी म्हटलं, "साडी नको. मला बसून जेवायचंय."

"मंग बस की. कोण नको म्हनलं?"

"तसं न्हाई. मी बसणार. दुसरं कुणीतरी वाढणार. भाकरी तव्यावरनं थेट माझ्या ताटात येणार, वाफ निघती तशी. आणि जेवण होईस्तवर मी उठणार न्हाई."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. तीस वर्षांत मी हजारो भाकऱ्या थापल्या असतील, पण फुगलेली भाकरी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. ती आधी ह्यांच्या ताटात, मग पोराच्या म्हणजे वीरेशच्या, लेक कावेरीच्या, आल्यागेल्याच्या. माझी पाळी येईपर्यंत भाकरीचा पापुद्रा बसून ती मुकाट झालेली असे. लग्नकार्यात तरी आयतं मिळावं, तर बायकांची पंगत शेवटची. त्यातही मी पहिला घास उचलला की कुणीतरी हाक मारणारच, "शिवम्मा, जरा वाढायला ये गं, तुझा हात लई सुरेख हाय." सुरेख हाताची एवढी शिक्षा दुसऱ्या कुणी भोगली नसेल.

"सूनबाई आल्यावर…" हे म्हणाले.

"वीरेश अजून बारावीला हाय."

ह्यांनी कपाळावरची विभूती सारखी केली, आणि ज्या आवाजात ते दुकानात 'शेवटचा भाव' सांगत त्या आवाजात म्हणाले, "हॉटेलात जाऊ."

ही बातमी निरांजन विझायच्या आत गल्लीभर झाली. सगळ्यांत आधी रुद्राणीवहिनी आल्या. त्या एकदा औरंगाबादला हॉटेलात जेवलेल्या होत्या, आणि त्या एका जेवणावर त्यांनी गल्लीत नऊ वर्षं अधिकार गाजवला होता.

"आधी सूप देत्यात," त्या म्हणाल्या. "ते प्यायचं न्हाई. त्यानं पोट भरावं म्हनूनच देत्यात. आन् शेवटाला वाटीत गरम पानी आन् लिंबू येतं. ते बी प्यायचं न्हाई."

"कावून?"

"ते हात धुवायला असतं. आमच्या मालकांनी पिलं." एवढं सांगून त्या जरा वेळ तुळशीकडे बघत राहिल्या.

समोरच्या घरातले त्रिंबक गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "अप्पा, बाईमाणसाला घेऊन हॉटेलात गेलात तर लोक म्हणतील, घरात चूल पेटत नाही." ह्यांनी उलट विचारलं, "आन् न्हाई गेलो तर ही काय म्हनंल?" गुरुजींनी आपल्या घराच्या दिशेने एकदा पाहिलं आणि जा म्हणाले.

आता हॉटेल कुठलं? त्या वेळी तेलगावच्या रस्त्याला एकच नवं, शुद्ध शाकाहारी, 'फॅमिली रूम'वालं हॉटेल निघालं होतं. त्याचं नाव 'हॉटेल उजवा कालवा'. हसू नका. मालक बिभीषणराव पाटबंधाऱ्यात सव्वीस वर्षं कारकून होते, सगळी नोकरी उजव्या कालव्याच्या फायली सांभाळण्यात गेली. मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी हॉटेल काढलं, पण निवृत्ती काही त्यांच्या अंगात उतरली नव्हती. गल्ल्यावर ते दोन रबरी शिक्के आणि आवक-जावकचं रजिस्टर घेऊन बसत.

हे फॅमिली रूमची चौकशी करायला गेले आणि कोरा कागद घेऊन परत आले.

"अर्ज मागतोय," हे म्हणाले.

"जेवायला अर्ज?"

"हॉलमध्ये जेवायला लागत न्हाई. फॅमिली रूमला लागतो."

त्याला कारण होतं. हॉटेल उघडल्या उघडल्या बसस्टँडवरचे चार रिकामटेकडे फॅमिली रूमचा पडदा ओढून घेऊन तीन दिवस पत्ते कुटत बसले होते. तेव्हापासून बिभीषणरावांनी नियम केला की फॅमिली असल्याचा पुरावा दिल्याशिवाय पडदा उघडायचा नाही.

त्रिंबक गुरुजींनी अर्ज लिहून दिला. 'मा. मालकसाहेब यांचे सेवेशी. विषय: फॅमिली रूममध्ये भोजन मिळणेबाबत.' अर्ज इतका करुण उतरला होता की वाचताना मला आम्ही दुष्काळग्रस्त असल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: 'सोबत रेशन कार्डाची सत्यप्रत जोडावी.' ह्यांनी झेरॉक्स काढली, गुरुजींनी न वाचता 'मूळ प्रत पाहिली' म्हणून सही ठोकली, आणि प्रकरण मंजूर झालं. निदान आम्हाला तसं वाटलं.

पाडव्यानंतर आठव्या दिवशी दुकानाची सुट्टी होती. दुपारी बारा वाजता आम्ही दोघं निघालो. मी जरीकाठाची हिरवी साडी नेसले होते. सकाळपासून पोटात घासभर काही घेतलं नव्हतं, कारण रुद्राणीवहिनींचा तसा हुकूम होता. रिक्षात बसताना गल्लीतली सात-आठ माणसं दारात उभी होती. कावेरीला सासरी पाठवतानासुद्धा एवढी नव्हती.

'उजवा कालवा'समोर ऊसतोडीला निघालेल्या मजुरांचा एक ट्रक उभा होता. चाक पंक्चर झालं होतं. बायका, माणसं, पोरं, पिठाची पोती, कोंबड्यांचे डालगे, चुलीला लागणारे तीन दगडसुद्धा, असा सहा महिन्यांचा संसार घेऊन सतरा माणसं हॉटेलच्या ओसरीच्या सावलीला टेकली होती. आम्ही त्यांच्यातून वाट काढत आत गेलो. एका बाईने माझ्या साडीकडे बघून "लई झ्याक हाय, आक्का," म्हटलं. मला बरं वाटलं. ह्यांनाही बरं वाटलं, माल दुकानातलाच होता.

बिभीषणरावांनी चष्मा लावला, फाईल काढली आणि वाचायला लागले.

"कुटुंबप्रमुख वैजिनाथ. बरोबर. दोन नंबर, शिवप्पा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"ही."

"ह्या शिवप्पा?"

"शिवम्मा! शिवम्मा हाय ते!"

"कार्डावर शिवप्पा आहे. तीन नंबर कावेरी, नाव कमी केलेलं. चार नंबर, वीरेश."

"कावेरीचं लगीन झालं."

"म्हणजे शिल्लक तिघं. तिघंही पुरुष." त्यांनी फाईल मिटली. "अप्पा, ह्याला फॅमिली कसं म्हणता येईल?"

सतरा वर्षं ते कार्ड आमच्या घरात होतं. साखर येत होती, रॉकेल येत होतं, पण दोन नंबरचा माणूस पुरुष आहे की बाई हे कुणीच बघितलं नव्हतं. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलेलं असणार, पण तिथे गोडेतेलाचा डाग पडला होता.

"बिभीषणराव," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमी हिला ओळखत न्हाई का? तुमच्या पोरीच्या लग्नाचा शालू हिनं निवडून दिलाय."

"ओळखतो की. काकू, नमस्कार." त्यांनी खरंच हात जोडले. "मी माणूस म्हणून ओळखतो. पण प्रकरणात शिवप्पा आहेत. आज एकाला सोडलं तर उद्या पत्तेवाले येतील. तुम्ही हॉलमध्ये बसा, जेवण तेच आहे."

ज्या बाईने तीस वर्षं संसार केला तिला फॅमिली नाही म्हणून सांगण्यात आलं होतं. मी परत फिरणार होते. पण तेवढ्यात आतून फोडणीचा वास आला. डाळीला लसणाची फोडणी होती ती. अपमान मोठा असतो हे खरं, पण मी सकाळपासून उपाशी होते.

हॉलमध्ये एका टेबलावर उमापूरचे तात्याबा म्हणून म्हातारे बसले होते. तेलगावच्या लेकीला द्यायला सीताफळांची पाटी घेऊन निघालेले. दुसऱ्या टेबलावर टाय बांधलेला, घामाघूम झालेला अभिमन्यू नावाचा एक विक्रेता. कुठल्याशा नव्या कंपनीचा टोमॅटो सॉस खपवायला तो पाच दिवस तालुक्यात हिंडत होता, आणि त्याच्या बॅगेतली एकही पुडी कमी झाली नव्हती. बाकी दोन-तीन टेबलांवर एस.टी.ची माणसं. आमच्या पुढ्यात ताटं आली. वरण, वांग्याची भाजी, ठेचा. भाकरी 'येतीये' म्हणाले.

आता आमच्या ह्यांची एक गोष्ट सांगायला हवी. मठातल्या पंगतीला, लग्नाला, बारशाला, आमच्या समाजात कुठेही पंगत बसली की पुकारा ह्यांनीच करायचा, असा वीस वर्षांचा रिवाज. आवाज खणखणीत, मान मोठा. ताटावर बसलेली माणसं दिसली की ह्यांचा उजवा हात आपोआप वर जातो. त्या दिवशी तर अपमानाने डोकं ठिकाणावर नव्हतं. ह्यांनी हॉलभर नजर फिरवली. माणसं ताटावर बसलेली. मला थांबवायला वेळच मिळाला नाही.

"बोला, पार्वतीपते हर हर महादेव!"

हॉल दणाणला. एस.टी.वाल्यांनी सवयीने "महादेव!" म्हणून साथ दिली. आणि हे तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुकाऱ्यानंतर काय करायचं हेही अंगवळणी पडलेलं. हे खुर्चीवरून उठले, दोन्ही हात जोडले, आणि टेबलाटेबलावरून फिरत म्हणाले, "सावकाश होऊ द्या मंडळी. मागून घ्या. लाजू नका."

'सावकाश होऊ द्या' कोण म्हणतं, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. ज्याच्या घरची पंगत, तो.

एस.टी.वाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "कशाची पंगत म्हनायची, अप्पा?" ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण हे फिरत फिरत दारापर्यंत पोचले होते, आणि जोडलेले हात थेट ओसरीवरच्या सतरा माणसांसमोर होते. त्यांच्यातले वडीलधारे आश्रुबा पटका सारखा करत उभे राहिले.

"चला रे, उठा. मालकानं हात जोडलेत. आता न्हाई म्हनलं तर वाईट दिसतंय."

"अहो, आमच्या भाकऱ्या हायत की सोबत," मघाची बाई म्हणाली. ती आश्रुबांची कारभारीण, रुक्मिणीबाई.

"असू दे गं. शुभ कार्य असंल काहीतरी."

आणि सतरा माणसं चपला बाहेर काढून, हात धुऊन, हॉलच्या भिंतीकडेने ओळीत मांडी घालून बसली. पोरं आधी.

हे माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक. "शिवम्मा, आता काय करू?"

"म्हनालात ना, सावकाश होऊ द्या? आता होऊ द्या," मी म्हटलं.

बिभीषणराव फाईल घेऊन धावत आले. "अप्पा, हे टिपणीत नव्हतं! आज बावीस भाकऱ्या मंजूर आहेत. त्याही निम्म्या गेल्या. वाढीव मंजुरीला पीठ कुठून आणू?"

"बिभीषणराव, मी हात जोडलेत."

"ते मी पाहिलं. त्याची नोंद कशात घेऊ?"

हा वाद ओळीत बसलेल्यांच्या कानांवर गेला. रुक्मिणीबाई उठली, ट्रककडे गेली आणि ज्वारीच्या पिठाचं एक गाठोडं काखेत मारून आली. मागे दोन बायका. "सैपाकघर कुठंशी हाय?" बिभीषणराव म्हणाले, "आत परवानगीशिवाय…" तोवर त्या आत होत्या. थोड्या वेळाने आतून भाकरी थापल्याचा थप थप थप आवाज यायला लागला, आणि हॉटेलचा आचारी बाहेर येऊन स्टुलावर बसला. तो म्हणाला, "आज मला रजा दिसतीया."

मग म्हातारे तात्याबा उठले. पाटीवरचं फडकं काढून त्यांनी प्रत्येक पानात एक एक सीताफळ ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, "बाबा, लेकीला नेताय ना?" तर म्हणाले, "लेकीच्या दारात झाड हाय. मी आपला उगं मोकळ्या हातानं जाऊ नये म्हनून नेतोय." विक्रेता अभिमन्यू टाय सोडून उभा राहिला आणि त्याने बॅग उघडली. लाल पुड्या वाटल्या. आश्रुबांनी पुडी दाताने फोडून चव घेतली आणि बराच वेळ विचार केला.

"ठेचा म्हनावं तर गोड लागतंय. गुळंब्यावानी हाय, पर बिघडलेला."

रुक्मिणीबाईची चार वर्षांची नात दीपमाला मात्र भाकरीला तोच लावून खात होती. अभिमन्यू तिच्याकडे असा बघत होता, जसं त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालंय.

आणि मी? तुम्ही ओळखलं असेल. वाढायला माणूस एकच, पोरं "वरण, वरण" करत होती. बसल्या जागी माझे हात वळवळायला लागले. मी स्वतःला बजावलं, शिवम्मा, आज उठायचं नाही. पण वाढपी वरणाची बादली अशी धरत होता की ते बघवेना. मी उठले, पदर खोचला आणि बादली हातात घेतली. एका एस.टी. ड्रायव्हरने दुसऱ्याला म्हटलेलं मी ऐकलं, "काकूंचा वाढायचा हात काय सुरेख हाय बघ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, ठेच्याचा ठसका लागला.

ओळीला दोनदा वाढून झालं. माझं ताट टेबलावर तसंच होतं. वरणावर साय धरली होती. रुक्मिणीबाई आतून हात पुसत आली, माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं.

"आक्का, तुमी जेवल्या का?"

"जेवते की. आधी ह्यांचं होऊ द्या."

"किती वरसं झाली असं म्हनतायसा?"

हे जवळच उभे होते, तेच पुढे होऊन म्हणाले, "तीस." मग खाली मान घालून त्यांनी तिला सगळं सांगितलं. पाडवा, अर्ज, शिवप्पा, सगळं. ऐकता ऐकता रुक्मिणीबाई हसायला लागली, मग हसता हसता थांबली. तिने माझ्या हातातली बादली काढून ह्यांच्या हातात दिली, माझा दंड धरला आणि मला ओळीत, दीपमालाच्या शेजारी खाली बसवून टेबलावरचं माझं ताट पुढ्यात ठेवलं.

"उठायचं न्हाई."

ती आत गेली. आली तेव्हा भाकरी तिच्या उघड्या तळहातावर होती, टम्म फुगलेली. तिने ती माझ्या ताटात ठेवली आणि बोटाने वरचा पापुद्रा फोडला. आतून वाफ निघाली, थेट माझ्या तोंडावर. चष्मा धुकटला. चष्मा पुसायला पदर घ्यावा म्हणून मी जरा हलले, तर तिने खांदा दाबला. "उठायचं न्हाई म्हनलं ना?"

आमचे हे वरण वाढायला वाकले. बादली डाव्या हातात, पळी उजव्या हातात. पहिली पळी जरीकाठावर गेली. दुसरी दीपमालाच्या सॉसमध्ये. तिसरी ताटात पडली. मग ह्यांनी सगळ्यांसमोर, पण फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं, "सावकाश होऊ दे."

मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला दोनवर कधी जात नाही.

बिलाचं पुढे काय झालं, ते मला कधी कळलं नाही. बिभीषणरावांनी आमच्या अर्जावर 'पंगत समाधानकारक. प्रकरण निकाली.' असं लिहून दोन्ही शिक्के मारले आणि पीठ परत करायला ते स्वतः एक पोतं घेऊन ट्रकपर्यंत गेले, हे मात्र मी पाहिलं. आश्रुबा घेईनात. शेवटी चाक बसल्यावर, ट्रक चालू झाल्यावर, बिभीषणरावांनी ते पोतं मागून आत ढकलून दिलं.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. बिभीषणरावांचं हॉटेल चांगलं चाललं. फॅमिली रूमचा पडदा त्यांनी त्याच महिन्यात काढून टाकला, नियम मोडायला नको म्हणून. आता मुलगा चालवतो, आणि आवक-जावकच्या जुन्या रजिस्टरात किराणा लिहितो. अभिमन्यूने सॉसची नोकरी सोडून अंबाजोगाईला लोणच्याचा कारखाना काढला. दर दिवाळीला त्याची एक बरणी यायची, कधी चुकली नाही. तात्याबा त्या दिवशी लेकीकडे मोकळ्या हातानेच गेले. लेक रागावली नाही, असं त्यांनी नंतर दुकानात येऊन मुद्दाम सांगितलं. ते गेले त्याला वीसेक वर्षं झाली. रुद्राणीवहिनी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की आम्ही जेवलो ते हॉटेलचं जेवण नव्हतंच, कारण त्यात सूप नव्हतं.

पुढची पाच-सहा वर्षं दिवाळीनंतर रुक्मिणीबाईचा ट्रक आमच्या दुकानासमोर थांबायचा. ती खाली उतरायची, विचारायची, "जेवल्या का?" आणि मी नाही म्हटलं की माझ्याच घरात मला बसवून भाकरी टाकायची. मग आश्रुबांचे गुडघे गेले आणि त्यांनी ऊसतोड सोडली. दीपमाला मोठी होऊन एस.टी.त कंडक्टर झाली. तीन वर्षांपूर्वी बीडच्या गाडीत गर्दीत एका लेकुरवाळीसाठी मी जागा सोडून उठायला लागले, तर कंडक्टर पोरीने माझा खांदा दाबला. "आजी, उठायचं न्हाई." आधी मी तिला ओळखलं नव्हतं. तो दाब ओळखला.

आमच्या ह्यांनी त्यानंतर दर पाडव्याला माझ्यासाठी स्वतः भाकरी केली. पहिल्या वर्षीची भाकरी कुठल्याच बाजूने गोल नव्हती. चौथ्या वर्षी एक फुगली, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून पंगतीचा पुकारा केला आणि गल्ली गोळा झाली. हे जाईपर्यंत हा रिवाज मोडला नाही. आता सून करते, गरम करते, आणि बसवून वाढते.

रेशन कार्डावर मी अजून शिवप्पाच आहे. नवीन कार्डं आली तेव्हा जुन्यावरून नावं उतरवली, त्यात शिवप्पाही उतरला. वीरेश म्हणतो, आई, अर्ज करू, आता सगळं कॉम्प्युटरवर दुरुस्त होतं. मी त्याला करू देत नाही. शिवम्मा असते तर त्या दिवशी पडद्यामागे बसून, मंजूर झालेल्या बाविसातल्या दोन भाकऱ्या खाऊन, रिक्षाने घरी आले असते.